डेल्फ्टच्या डबक्यातला हिरवा थेंब

पावसाळा सुरू झाला, की शहराबाहेरच्या कचराभूमीच्या पायथ्याशी काळपट-तांबूस पाणी साचू लागते. कचऱ्याच्या ढिगातून पाऊस झिरपतो आणि खाली येताना कुजलेल्या अन्नाचा, कागदाचा, औषधांचा, बॅटरीचा अंश सोबत घेऊन येतो. या पाण्याला ‘लिचेट’ म्हणतात. ताजे लिचेट घाण वास मारते, त्यात मासा जगत नाही. मात्र हेच पाणी एखाद्या उथळ खड्ड्यात उन्हात पडून राहिले आणि पावसाने थोडे पातळ झाले, की काही दिवसांत त्यावर हिरवी झाक दिसू लागते. तिथे कोणी बी पेरलेले नसते, रोप लावलेले नसते. तरीही विषारी वाटणाऱ्या पाण्यात हिरवे जीवन उभे राहते.

ही हिरवाई म्हणजे सूक्ष्म शैवाल, आणि त्यात बहुधा असणारे एक नाव म्हणजे क्लोरेला. हे नाव या जीवाला ज्यांनी दिले आणि ज्यांनी त्याला प्रथमच इतर सर्व जीवांपासून वेगळे करून काचेच्या बाटलीत वाढवले, ते शास्त्रज्ञ म्हणजे मार्टिनस विलेम बायरिंक. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव विषाणूंच्या धड्यात एका ओळीपुरते भेटते. पण शेतातली जिवाणू खते, दह्यातले लॅक्टोबॅसिलस, गटारातला सडक्या अंड्यासारखा वास आणि कचऱ्याच्या पाण्यावरची हिरवी साय या सगळ्यांच्या मुळाशी गेले, तरी हाच माणूस भेटतो.

बायरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅमला झाला. वडील तंबाखूचे व्यापारी. मुलगा लहान असतानाच त्यांचा धंदा बुडाला. घर आवरून कुटुंबाला ॲमस्टरडॅम सोडावे लागले आणि वडिलांनी रेल्वे कंपनीत कारकुनी पत्करली. चार भावंडांतला हा धाकटा. शाळेच्या फीचा भार नको म्हणून सुरुवातीची काही वर्षे वडिलांनीच त्याला घरी शिकवले. पुढे हार्लेमच्या शाळेत त्याला वनस्पतींचे वेड लागले. रानावनात भटकून तो झाडे-पाने गोळा करी, त्यांची नावे पाठ करी.

वनस्पतिशास्त्र शिकायची इच्छा होती, पण त्यावर पोट भरेल याची खात्री नव्हती. शेवटी एका नातेवाइकाने शिक्षणाचा खर्च उचलला आणि मुलगा डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकायला गेला. तिथे त्याच्यासोबत राहणारा विद्यार्थी होता याकोबस व्हान्ट हॉफ. हाच तरुण पुढे, १९०१ मध्ये, रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. दोघे मिळून खोलीतच रसायनांचे प्रयोग करीत. १८७२ मध्ये बायरिंक अभियंता झाले. पोटापाण्यासाठी शिक्षकी पत्करून त्यांनी लायडन विद्यापीठातून १८७७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता वनस्पतींवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी. म्हणजे वनस्पतिशास्त्राकडे ते परतलेच, पण हातात रसायनशास्त्र घेऊन. पुढच्या सगळ्या कामात या दुहेरी शिक्षणाचा ठसा दिसतो.

वाखेनिंगेनच्या कृषी शाळेत त्यांनी जवळपास दहा वर्षे शिकवले. तिथे त्यांचे सहकारी होते ॲडॉल्फ मायर. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे पट्टे आणणाऱ्या एका रोगाने डच शेतकरी हैराण झाले होते, आणि मायर त्याचा अभ्यास करीत होते. आजारी पानाचा रस निरोगी रोपाला टोचला, की तेही आजारी पडते, हे मायर यांनी दाखवले. त्या काळी रोग म्हटला, की जिवाणू शोधायचा, अशी रीत पडली होती. बायरिंक यांनीही शोधला. सापडला नाही. आपल्याला जिवाणूशास्त्र पुरेसे येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे अपयश त्यांच्या मनात बारा-तेरा वर्षे राहिले.

कारखान्यातला वनस्पतितज्ज्ञ

१८८५ मध्ये त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. डेल्फ्टमध्ये यीस्ट आणि अल्कोहोल बनवणारा मोठा कारखाना होता. त्याचे संचालक याकोब व्हान मार्केन यांना एक गोष्ट उमगली होती, की यीस्ट हा कच्चा माल नसून सजीव आहे, आणि तो जाणणारा माणूस कारखान्यात हवा. त्यांनी बायरिंक यांना नेमले, परदेशातल्या प्रयोगशाळा पाहून येण्याची मुभा दिली आणि स्वतंत्र प्रयोगशाळा बांधून दिली. उद्योगाने पदरच्या खर्चाने मूलभूत संशोधन चालवण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण. (याच कारखान्याने पुढे दुसऱ्या महायुद्धात, नाझी अमलाखाली असताना, गुपचूप पेनिसिलिन तयार केले.)

बायरिंक यांची अडचण अशी, की कारखान्याच्या प्रश्नांपेक्षा त्यांना इतरच प्रश्न जास्त खुणावत. आपण घेतलेल्या पगाराची पुरती भरपाई होत नाही, ही खंत त्यांना सतावत असे. पण याच दहा वर्षांत त्यांचे काही सर्वांत टिकाऊ काम झाले.

१८८८ मध्ये त्यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधून जिवाणू वेगळे काढून वाढवले. वाटाण्यासारखी पिके हवेतला नत्र वापरू शकतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी नुकतेच दाखवले होते. तो नत्र पकडून देणारा सोबती कोण, हे बायरिंक यांच्या जिवाणूने सांगितले. आज हरभरा-तुरीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी चोळले जाणारे रायझोबियम हे याच कुळातले.

त्यानंतर ते वळले हिरव्या पाण्याकडे. हॉलंड हा कालव्यांचा, चरांचा आणि डबक्यांचा देश. उन्हाळ्यात हे साचलेले पाणी हिरवे होते. हायड्रासारख्या काही पाणजीवांच्या शरीरातही हिरवे ठिपके दिसत. ते त्या प्राण्याचेच अवयव, की आत वस्तीला आलेले शैवाल, यावर वाद चालू होता. वाद मिटवायचा, तर हिरवी पेशी एकटी वाढवून दाखवायला हवी. पण एकही शैवाल तोवर कोणाला शुद्ध स्वरूपात वाढवता आले नव्हते. कारण सोपे होते. खाद्य घातले की जिवाणू भराभर वाढत आणि शैवालाला गुदमरवून टाकत.

बायरिंक यांनी उलटा विचार केला. जिवाणूंना हवे असलेले पौष्टिक खाद्य घालायचेच नाही. चराचे पाणी जिलेटिनसह उकळून त्यांनी त्याची पारदर्शक, पण पोषणाच्या दृष्टीने गरीब खरवस बनवली. त्यात हिरव्या पाण्याचा अंश मिसळला आणि थर थिजवून उजेडात ठेवला. जिवाणू उपाशी राहिले. शैवालाला लागतो प्रकाश, हवेतला कर्बवायू आणि चिमूटभर क्षार. ते त्याला मिळत होते. काही आठवड्यांनी थरात हिरवे टिपके उमटले. एकेका टिपक्यात एकाच पेशीची संतती. त्यातला एक उचलून नव्या थरावर लावला, की शुद्ध वाण हाती आला.

१८९० मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्या गोल, साध्या, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या पेशीला त्यांनी नाव दिले क्लोरेला व्हल्गॅरिस. अर्थ इतकाच, की सर्वत्र आढळणारी छोटी हिरवी. शैवाल प्रयोगशाळेत शुद्ध रूपात वाढवता येते, हे त्या दिवसापासून सिद्ध झाले. शैवालाच्या आहाराचाही त्यांनी अभ्यास केला. काही शैवाले निव्वळ क्षारांवर आणि उजेडावर भागवतात, तर काहींना साखर आणि प्रथिनांचे तयार तुकडे दिले, की ती जोमाने वाढतात. घाण पाण्यात शैवाल का फोफावते, याचे उत्तर इथूनच मिळू लागते.

निवड कोण करते?

१८९५ मध्ये डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली. शेजारीच घर. त्यात त्यांच्या दोन अविवाहित बहिणी त्यांच्यासोबत राहात. त्यांतली हेन्रिएट उत्तम चित्रकार होती. वर्गात शिकवताना लागणारे मोठमोठे रंगीत तक्ते तिने रंगवले. बायरिंक यांनी स्वतः लग्न केले नाही.

इथे त्यांनी एक पद्धत पक्की केली, जिला संवर्धन-निवड म्हणता येईल. तोवर रीत अशी होती, की माती किंवा पाणी घ्यायचे, त्यातले जे जिवाणू वाढतील ते वाढवायचे, मग ते काय करतात ते पाहायचे. बायरिंक यांनी प्रश्न उलटवला. एखादे काम करणारा जीव हवा असेल, तर ते काम केल्यावाचून जगताच येणार नाही अशी परिस्थिती बाटलीत तयार करायची आणि चिमूटभर माती टाकायची. युरिया हाच नत्राचा साठा ठेवला, की युरिया फोडणारे जिवाणू पुढे येतात. नत्र अजिबात ठेवला नाही, की हवेतला नत्र पकडणारेच तगतात. प्राणवायू काढून घेतला आणि सल्फेट ठेवले, की सल्फेटवर जगणारे वर येतात. जीव जवळजवळ सगळीकडे आहेत. कोणी वाढायचे ते परिस्थिती ठरवते, हे त्यांच्या कामाचे सूत्र.

या एका पद्धतीतून शोधांची रांग लागली. १८९५ मध्ये त्यांनी डेल्फ्टच्या गाळातून सल्फेटचे सल्फाइड करणारा जिवाणू मिळवला. गटाराला सडक्या अंड्याचा वास येतो आणि तळचा गाळ काळा होतो, तो अशा जिवाणूंमुळे. १९०१ मध्ये जमिनीत मोकळा राहून नत्र पकडणारा ॲझोटोबॅक्टर त्यांनी वर्णन केला. महाराष्ट्रातल्या कृषी सेवा केंद्रांत आज तो पाकिटात मिळतो. त्याच वर्षी युरिया फोडणाऱ्या जिवाणूंचे काम आले आणि दूध आंबवणाऱ्या जिवाणूंना लॅक्टोबॅसिलस हे नावही मिळाले.

कचऱ्याच्या ढिगाकडे या दृष्टीने पाहिले, तर तो बायरिंक यांच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची एकावर एक रचलेली रासच वाटते. वरच्या थरात हवा असते, तिथे प्राणवायूवर जगणारे जिवाणू ओला कचरा कुजवतात. खाली हवा संपते. तिथे आंबवणारे येतात, मग सल्फेटवर जगणारे, आणि सर्वांत शेवटी मिथेन वायू सोडणारे. प्रथिने आणि युरिया फुटून अमोनिया सुटतो. प्राणवायू नसल्यामुळे त्याचे पुढे काही होत नाही, तो साचतच जातो. मिथेनचेही भक्षक आहेत. बायरिंक यांचे विद्यार्थी सोन्गेन यांनी १९०६ मध्ये मिथेन खाऊन जगणारा जिवाणू शोधला. कचराभूमीवर मातीचा थर नीट अंथरला, की वर येणाऱ्या मिथेनचा काही भाग असेच जिवाणू संपवतात.

शैवालाकडेही ते पुन्हा आले. समुद्रात काही जिवाणू अंधारात चमकतात. पण चमकायला त्यांना प्राणवायू लागतो. बंद बाटलीत ते आतला प्राणवायू संपवतात आणि विझतात. बायरिंक यांनी असे जिवाणू हरितद्रव्य असलेल्या पेशींबरोबर ठेवले. बाटलीवर थोडा वेळ उजेड पाडला आणि पुन्हा अंधार केला, की जिवाणू चमकू लागत. हिरव्या पेशीने उजेडात प्राणवायू सोडला, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या शैवालतळ्याचे सगळे तत्त्व या बाटलीत आहे. शैवाल प्राणवायू देते, जिवाणू तो वापरून घाण फोडतात, आणि घाण फोडताना सुटलेला कर्बवायू व अमोनिया पुन्हा शैवालाचे अन्न होतो.

तंबाखूच्या पानाकडे परत

प्राध्यापक झाल्यावर बायरिंक यांनी जुने अपयश पुन्हा हाती घेतले. तंबाखूच्या आजारी पानांचा रस त्यांनी चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू या गाळणीतून जात नाहीत. गाळलेल्या रसातही रोग होताच. रशियात इव्हानोव्हस्की यांना १८९२ मध्येच हे दिसले होते. पण त्यांचा कल कारण जिवाणूच असावे, याकडे राहिला. बायरिंक पुढे गेले. तो रस एखादे साधे विष असता, तर एका रोपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पातळ होत निष्प्रभ झाला असता. तसे होत नव्हते. प्रत्येक रोपात त्याचा जोर कायम होता. म्हणजे ते रोपात वाढत होते. पण बाटलीत, कोणत्याही खाद्यावर, ते वाढेना. वाढत होते ते फक्त रोपाच्या जिवंत, वाढत्या भागात.

१८९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की हा रोग जिवाणूने होत नाही. हे संसर्गकारक पेशीहून वेगळे, द्रवात विरघळल्यासारखे आहे, आणि वाढण्यासाठी त्याला जिवंत पेशीच्या व्यवहारात शिरावे लागते. त्याला त्यांनी ‘व्हायरस’ म्हटले. शब्द जुना, अर्थ नवा. ते द्रवरूप आहे, हा त्यांचा तर्क चुकला; १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले आणि पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काड्या दिसल्या. पण परक्या पेशीतच वाढणारा, हा गाभा बरोबर होता. देवीपासून कोविडपर्यंतचे सगळे विषाणू याच व्याख्येत बसतात. अँटिबायोटिक गोळी सर्दीवर का चालत नाही, याचेही कारण तेच. ज्या तंबाखूने वडिलांना बुडवले, त्याच तंबाखूच्या पानाने मुलाचे नाव राहिले.

शिस्तीचा जाच

हा माणूस सोबत राहायला सोपा नव्हता. विद्यार्थ्यांना ते चारचौघांत बोलत, चुका सहन करीत नसत, कौतुक क्वचितच करीत. शास्त्रज्ञाने संसाराच्या भानगडीत पडू नये, असे त्यांचे मत होते आणि ते मत ते दुसऱ्यांवरही लादू पाहत. अनेक विद्यार्थी त्यांना घाबरत, काही जण सोडून गेले. आपल्या कामाची पुरेशी दखल घेतली जात नाही, अशी भावनाही त्यांच्या मनात असे. तरीही सोन्गेन, व्हान इटरसन यांच्यासारखी माणसे त्यांच्याच हाताखाली घडली. नेदरलँड्सच्या विज्ञान अकादमीने १९०५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक दिले. सूक्ष्मजीव प्रथम पाहणारे लेव्हेनहूकही डेल्फ्टचेच. नोबेल मात्र बायरिंक यांच्या वाट्याला आले नाही.

१९२१ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावे लागले. प्रयोगशाळा सोडणे त्यांना जड गेले. बहिणींसह ते खोर्सेल या गावी राहायला गेले. झाडांमध्ये रमण्याचा लहानपणचा छंद त्यांनी पुन्हा जवळ केला. डेल्फ्टला त्यांच्या जागी आलेले क्लायव्हर स्वभावाने अगदी वेगळे, मनमिळाऊ. त्यांनी ही परंपरा जगभर नेली. १ जानेवारी १९३१ रोजी, ऐंशीला काही आठवडे बाकी असताना, बायरिंक यांचे निधन झाले.

क्लोरेलाचा पुढचा प्रवास

क्लोरेलाचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले म्हणायला हरकत नाही. जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी प्रकाशसंश्लेषण मोजण्यासाठी तिला निवडले. अमेरिकेत मेल्विन कॅल्विन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला आणि सीनेडेस्मस या शैवालांवर काम करून कर्बवायूपासून साखर कशी होते, तो मार्ग उलगडला. त्यासाठी कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी शैवाल आणि जिवाणू यांची जोडी सांडपाण्याच्या तळ्यांत राबवली. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या नीरीने, भारतातल्या अशा तळ्यांचा अभ्यास केला आणि ती कशी बांधावीत, कशी चालवावीत याची पुस्तिका १९७० मध्ये काढली. भरपूर ऊन, कमी वीज आणि साधी देखभाल ही या तळ्यांची जमेची बाजू आपल्याकडे विशेष उपयोगी होती.

कचराभूमीच्या लिचेटवरही जगभर हेच प्रयोग चालू आहेत. शैवालाला नत्र हवा असतो आणि लिचेटमध्ये तो अमोनियाच्या रूपात भरपूर असतो. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण २० ते ५० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र सापडतो. जुन्या कचराभूमीच्या लिचेटमध्ये तो ५०० ते २००० मिलिग्रॅमपर्यंत असू शकतो. हा अमोनिया नदीत किंवा खाडीत गेला, तर मासे मरतात. जमिनीत मुरला, की वाटेत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. अशा पाण्यात बाटलीचे दूध कालवून दिलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेतल्या आयोवात १९४५ मध्ये हा आजार विहिरीच्या पाण्याशी जोडला गेला. पाणी उकळून हा धोका टळत नाही. उलट पाणी आटल्यामुळे नायट्रेटचे प्रमाण वाढते.

म्हणून शैवालाने अमोनिया खाऊन टाकावा, ही कल्पना आकर्षक आहे. पण तिला बायरिंक यांचाच नियम लागू होतो. परिस्थिती योग्य असेल, तरच जीव वाढेल. मूळ लिचेट इतके गडद असते, की उजेड आत शिरत नाही. अमोनिया शैवालाचे अन्न आहे, पण प्रमाणाबाहेर गेला, की तोच त्याचे विष. त्यात आणखी एक पेच असा, की शैवाल जोमाने वाढू लागले, की कर्बवायू शोषून घेते आणि पाणी अल्कधर्मी होते. अशा पाण्यात अमोनियाचा अधिक घातक, मोकळा प्रकार वाढतो. म्हणजे स्वतःच्याच वाढीने शैवाल स्वतःचा गळा आवळते. त्यामुळे लिचेट पातळ करावे लागते, त्याची आम्लता सांभाळावी लागते, फॉस्फरस कमी असल्यास तो घालावा लागतो. क्लोरेला आणि सीनेडेस्मस अशा वातावरणात इतरांपेक्षा अधिक तग धरतात, म्हणून प्रयोगांत त्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात.

शेवटी प्रश्न उरतो वाढलेल्या शैवालाचा. ते पाण्यातच ठेवले, तर मरून कुजते आणि शोषलेला नत्र पुन्हा पाण्यात येतो. ते काढावेच लागते. पण लिचेटमध्ये शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असतील, तर ते शैवालात साठतात. असे शैवाल कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात किंवा भाजीच्या खतात घालणे म्हणजे कचरा फिरवून ताटात आणणे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या क्लोरेलाच्या गोळ्या स्वच्छ टाक्यांत वाढवलेल्या असायला हव्यात, त्या याच कारणासाठी. शिवाय हिरवे ते सगळे निरुपद्रवी, असेही नाही. नील-हरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे काही सूक्ष्मजीव यकृताला घातक विष सोडतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात असे विष असलेले पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. कचराभूमीजवळच्या किंवा घाण मिसळणाऱ्या तळ्यावर हिरवी साय दिसली, तर पाणी सुधारत आहे असे समजून ते जनावरांना पाजणे, त्यात कपडे धुणे किंवा मुलांना पोहू देणे धोक्याचे आहे. त्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच, की या पाण्यात नत्र-फॉस्फरस भरपूर आहे.

लिचेटचा सर्वांत स्वस्त उपाय कचराभूमीवर नाही, तो घरातच आहे. अमोनियाचा बहुतेक साठा ओल्या कचऱ्यातून येतो. भाजीचे देठ, खरकटे, शिळे अन्न सुक्या कचऱ्यात मिसळून ढिगाच्या पोटात गाडले, की हवा नसलेल्या त्या अंधारात बायरिंक यांनी बाटलीत दाखवलेलीच साखळी सुरू होते. तोच ओला कचरा वेगळा ठेवून, हवा खेळती ठेवून कंपोस्ट केला, तर वेगळे जीव पुढे येतात आणि हाती खत लागते. जीव तेच, माती तीच. बदलते ती परिस्थिती. ती बदलणे आपल्या हातात असते.

बायरिंक यांनी १८८९ मध्ये डेल्फ्टजवळच्या तळ्यातून मिळवलेल्या क्लोरेलाचा वाण जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाच्या शैवालसंग्रहात आजही जिवंत आहे. ठरावीक काळाने त्यातला अंश नव्या नळीत लावला जातो आणि प्रकाशात ठेवला जातो. जगभरचे संशोधक तो मागवतात, आणि त्यांतले काही जण तो कचऱ्याच्या पाण्यात वाढतो का, हे पाहतात.